सात आजोबांची नावं

अल्माटी, ४ ऑक्टोबर १९९७

बातिमावहिनींना धाकट्या जावेचा सलाम.

तुमचे गुडघे कसे आहेत? मामंजींचा खोकला उतरला का? गवत सगळं आत आलं का? बोरिबासारचा कान बरा झाला का? अंधारात आपल्या सावलीवरही भुंकणारा तो कुत्रा, पण आम्ही निघालो त्या पहाटे अगदी गप्प होता. मेरुएर्त अजून त्याचीच आठवण काढते.

आम्ही दोघी सुखरूप आहोत. सुखरूप हा शब्द दोनदा लिहिला की खरा वाटतो, म्हणून पुन्हा लिहिते, सुखरूप आहोत.

हे पत्र दवाखान्यातली झिबेक नर्स तुम्हाला औषधाच्या पुडीबरोबर देईल. वाचून चुलीत घाला. पत्ता लिहीत नाही, कारण अजून पत्ताच नाही. दहा दिवस खोली शोधतेय. तोवर एका वसतिगृहात, एका खोलीत आठ बायका, तिथे एका पलंगावर मायलेकी झोपतो. दिवसा खानावळीत गाजरं सोलते. मेरू मागच्या दाराशी पोत्यावर बसून पुस्तक वाचते, त्यामुळे मालकीण काही बोलत नाही.

या शहरात डावंउजवं कोणी म्हणत नाही. वर जा म्हणतात, नाहीतर खाली जा. वर म्हणजे डोंगराकडे. तिथे हवा छान आणि भाडं असं की ऐकूनच परत फिरावं. जसजसं खाली उतरावं तसतसं भाडं कमी आणि धूर जास्त. मी रोज काम संपलं की एक थांबा आणखी खाली उतरते आणि दारं वाजवते.

पहिल्या घरी म्हणाले, मूल नको. दुसऱ्या घरच्या बाईने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि नवरा कुठे म्हणून विचारलं. तेलविहिरींवर पाळीच्या कामाला गेलाय, असं मी सांगितलं. ती म्हणाली, "मग तो आला की या. एकटी बाई घरात ठेवली की माझ्या नवऱ्याचं कामात लक्ष लागत नाही." हसू नका, मला तिथे हसताही आलं नाही.

तिसरी खोली स्वस्त होती. घरात मालकाचा तिशीतला मुलगा, खुर्चीवरून न उठता पाहत बसलेला. खोलीच्या दाराला कडी होती, पण बाहेरून. आत काही नव्हतं, खिळासुद्धा नाही. मी मेरूचा हात धरला आणि थांब्यापर्यंत मागे वळून पाहिलं नाही.

गावात काय बोलतात ते मला ठाऊक आहे. शहरातल्या शाळेसाठी आले, एवढंच खरं माना. मामंजींना म्हणावं, नात रोज पुस्तक वाचते. मिर्झा-आगांना काही सांगायची गरज नाही. हे नाव मीच त्यांना ठेवलं होतं ना, सून म्हणून आले तेव्हा? थोरल्या दिराचं नाव घ्यायचं नाही, मग काय म्हणायचं, तर मिर्झा-आगा, उमदा माणूस. तुम्ही किती हसला होतात तेव्हा.

मेरू तुम्हाला मुका देते.

तुमची बार्शिन

(आपल्याच घरच्या माणसांना लपूनछपून लिहावं लागतंय, याचा राग धरू नका.)


अल्माटी, १७ ऑक्टोबर

बातिमावहिनींना सलाम, आणि गुडघ्यांना माझ्यातर्फे बकरीची चरबी चोळा.

खोली मिळाली. शहराच्या अगदी खालच्या टोकाला, जिथे बस वळते आणि ड्रायव्हर चहा प्यायला उतरतो. रिस्ती आपा म्हणून चौऱ्याहत्तर वर्षांच्या विधवा आहेत, पुढच्या घरात त्या एकट्या राहतात. अंगणाच्या मागे उन्हाळ्यातलं स्वयंपाकघर आहे, ते आम्हाला दिलंय. मातीच्या भिंती, एक खिडकी, एक शेगडी. कडी आतून आहे. मी आधी ती पाहिली, मग छत पाहिलं.

आपांनी नवरा कुठे म्हणून विचारलं नाही. पायरी तुटकी आहे, अंधारात बाहेर जाताना डावा पाय आधी टाका, एवढंच सांगितलं. मग म्हणाल्या, कागद आणून दे, रहिवासाची नोंद करून देते, त्याशिवाय शाळा पोरीला घेणार नाही. या शहरात नोंद करून देणारा घरमालक मिळणं म्हणजे लॉटरीच, खानावळीतल्या बायकांनी मला मुबारक म्हटलं. आणि मी काय केलं? कागद गावी राहिलेत, येतील, असं सांगून वेळ मारून नेली. कागद माझ्या गादीत शिवलेले आहेत, वहिनी. पण नोंदीत खरं नाव लागतं, आणि खरं नाव लिहिलं की कोणीही कचेरीच्या खिडकीशी जाऊन विचारू शकतं, अमकी बाई कुठे राहते. ताकाला जाऊन भांडं लपवावं तसं माझं चाललंय. शाळेसाठी आले आणि पोर शाळेबाहेर.

शेगडीची भीती वाटते. याच गल्लीत गेल्या हिवाळ्यात कोळशाच्या धुराने एक कुटुंब झोपेतच गेलं म्हणतात. म्हणून मी खिडकी उघडी ठेवते. मग खिडकीची भीती वाटते. मी कपाट सरकवून खिडकीपुढे आणलंय आणि वर दोन बोटं फट ठेवलीय.

गाड्यांच्या नंबरपाट्या बघायची सवय लागलीय. आपल्या भागाचं अक्षर दिसलं की मी वाट बदलते. परवा बाजारात तसा एक ट्रक उभा होता, कांदे भरलेला. मी मेरूला घेऊन मांसाच्या दुकानामागे जवळजवळ तासभर उभी राहिले. ड्रायव्हर कोणी अनोळखी म्हातारा होता.

मेरूला मी पाढ्यांसारखं पाठ करून घेतलंय. आडनाव आईच्या माहेरचं सांगायचं. गाव विचारलं तर करागांदाकडचं. बाबा विचारले तर तेलविहिरींवर. बाबा नदीच्या बर्फात ट्रॅक्टरसकट गेले हे कोणालाही सांगायचं नाही. नऊ वर्षांची पोर, तिने एकदाच विचारलं, "मेलेल्या बाबांना कामावर पाठवायचं का?" मी हो म्हटलं.

आता कालची गोष्ट. दुपारी दार वाजलं. पुरुषाचा आवाज, म्हातारा, "घरात कोण आहे?" मी शेगडीमागे सरकले. पुन्हा वाजलं, तिसऱ्यांदा वाजलं. मेरूकडे पाहिलं तर तिने आपणहून आपल्या तोंडावर हात घट्ट दाबून धरला होता. मी हे तिला शिकवलं नव्हतं.

मग आपांचा आवाज आला, आहेत आत, लाजतात. दार उघडावंच लागलं. समोरच्या घरातले जुमाताय आजोबा आणि त्यांची बायको होती, हातात गरम तळलेल्या बौर्साकांची थाळी. नवीन शेजारी आले, त्यांना गल्लीने आधी जेवू घालायचं, म्हणून रविवारी बोलवायला आले होते. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. गावात नवीन मास्तर आले तेव्हा तुम्ही आणि मीच नव्हतो का मांस शिजवलं? आपल्याकडची एवढी साधी रीत, आणि ती माझ्या दारात आली तेव्हा मी शेगडीमागे.

नाही कसं म्हणणार? नाही म्हटलं तर गल्ली विचारणार, का नाही. रविवारी जावंच लागेल. मेरूकडून सगळं पुन्हा दोनदा म्हणून घेतलंय. ती चुकत नाही.

झिबेक म्हणते तुम्ही पहिलं पत्र वाचलंत आणि काही बोलला नाहीत. बोललात तरी चालेल मला. रागावलात तरी चालेल.

बार्शिन


अल्माटी, २६ ऑक्टोबर

वहिनी,

या वेळी कोणाची तब्येत विचारत नाही. घाईत लिहितेय, अक्षर लागलं नाही तर झिबेककडून वाचून घ्या. नको, झिबेककडून नको. तुम्हीच सावकाश लावा.

रविवारी गेलो. नऊ-दहा माणसं होती, सगळी म्हातारी, सगळी मायाळू. मला वरच्या जागी बसवलं. कुठली, कोणाची, सगळं विचारून झालं आणि मी पाठ केलेलं सगळं नीट सांगितलं. मेरूनेही सांगितलं. माझा घास हळूहळू खाली उतरायला लागला. वर्षभरात पहिल्यांदा कोणीतरी माझ्या ताटात मांस वाढत होतं आणि मी वाढत नव्हते, तेवढ्यानेही डोळे भरून आले.

मग जुमाताय आजोबांनी बकऱ्याच्या डोक्याचा कान कापला आणि मेरूला दिला, लहानांना देतात तसा. म्हणाले, "घे, कान खा म्हणजे मोठ्यांचं ऐकशील. आणि आता सांग बघू, तुझे सात आजोबा कोण, बापापासून वर सात पिढ्या?"

वहिनी, मी आडनाव बदललं, गाव बदललं, मेलेल्या माणसाला कामाला लावलं, पण हे सात माझ्या ध्यानातच आले नाहीत. येणार कसे? सुनेने सासरच्या वडीलधाऱ्यांची नावं तोंडाने घ्यायची नाहीत, बारा वर्षांत ती माझ्या जिभेवर कधी आलीच नाहीत. मामंजींनी पोरीला घोड्यावर पुढे बसवून ती शिकवली, मी घोड्यामागून दुधाची बादली घेऊन चालत असे. जे माझ्या तोंडी नव्हतं ते मी पोरीच्या तोंडून काढून कसं घेणार?

मेरूने कान खाली ठेवला, हात गुडघ्यांवर घेतले, मामंजींनी शिकवलं तसे, आणि एका दमात सातही नावं म्हटली. खडाखडा. एकही चुकलं नाही.

आजोबा म्हणाले, "पाचवा कोण म्हणालीस? पुन्हा म्हण."

तिने पुन्हा म्हटलं. तेव्हा मेरूला माझा चेहरा दिसला आणि काय झालं ते तिला कळलं. पण तोवर आजोबा उठले होते. तिचा पाचवा तो त्यांचा तिसरा. त्यांनी तिला उचलून घेतलं, एवढ्या मोठ्या मुलीला, आणि ते रडायला लागले. म्हणाले, "करागांदाची कसली, तू तर आमची. ही माझी नात आहे, माझी नात." सगळे टाळ्या वाजवत होते. मी खोटं बोलले याचा कोणालाही राग नाही, नवखी आहे, बुजली असेल, असं त्यांनीच ठरवून टाकलं. आणि आजोबांनी सगळ्यांदेखत सांगितलं की पहिला बर्फ पडला की ते पुतण्याच्या ट्रकने हिवाळ्याचं मांस आणायला गावाकडे जाणार आहेत, तेव्हा वाट वाकडी करून मामंजींकडे जाऊन सांगतील, तुमची नात सापडली, माझ्या समोरच राहते.

इतक्या प्रेमाने माझा गळा कोणी आवळला नव्हता.

रस्ता ओलांडताना मेरू म्हणाली, "आई, तू शिकवलेलं खोटं मी सगळं नीट सांगितलं. पण ही तर नावं होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बोचकं बांधलं. आपा आल्या आणि त्या बोचक्यावरच बसल्या. म्हणाल्या, "आता आणखी खाली कुठे जाणार? इथून खाली शहर नाही." मी म्हटलं, उठा आपा. त्या उठल्या नाहीत. मग मी सगळं सांगितलं. जे तुम्हाला दोन पत्रांत सांगितलं नाही ते एका परक्या म्हातारीला सांगितलं, आणि आता तुम्हाला सांगते.

मेरूच्या बाबांचं लांबलेलं वर्षाचं जेवण उन्हाळ्याच्या शेवटी झालं, त्याच्या तिसऱ्या दिवशी मोठी माणसं बसली होती. मांस तुम्हीच शिजवलं होतं, म्हणजे कुठवर ऐकू आलं असेल ते मला माहीत नाही. विधवा आपली, लेक आपली, गुरं आपली, बाहेर कशाला जाऊ द्यायची, असं ठरलं. मला कोणी विचारलं नाही. मला तर सांगितलंही नाही. चार दिवसांनी तुमचे मिर्झा-आगा माझ्या खोलीत आले, टोपी काढली आणि मेरूच्या बाबांच्या खुंटीवर टांगली. बसले नाहीत, बोलले नाहीत, टोपी टांगून निघून गेले. वर्षभर ती खुंटी मी रोज पुसत होते.

तेवढ्यात तुम्ही चहा घेऊन आलात. तुम्ही टोपी पाहिलीत. चहा न ओतता पेला उपडा ठेवलात आणि गेलात. त्यानंतर पंधरा दिवस आपण दोघी एका चुलीपाशी उठलोबसलो आणि मीठ दे, पाणी आण, याशिवाय बोललो नाही. टोपी तिथेच होती. तिला हात लावायची माझी छाती झाली नाही, आणि तुमचीही नाही.

उमदा माणूस हे नाव मी परत घेते. कुआनिश. लिहिलं बघा. ज्याच्या नावाने मला राहायला लावणार होते त्याचं नाव मी एकदा तरी घेणारच.

आपा ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मलाही असंच दिलं होतं. युद्धातून नवऱ्याचा कागद आला, वर्षाने थोरल्या दिराकडे दिलं. त्याची बायको होती घरात. सोळा वर्षं एका चुलीवर दोघींनी रांधलं, पण तुला हे चाललं का म्हणून मी तिला एकदाही विचारलं नाही. तिनेही मला नाही. ती चांगली बाई होती, बहुतेक. आता कोणाला विचारू?"

मग उठल्या आणि म्हणाल्या, खोट्या नावाची नोंद मी करणार नाही, खऱ्या नावाची करते, चल. शुक्रवारी गेलो. खिडकीतली बाई म्हणाली, मुलीच्या आजोबांचं नाव मोठ्याने सांगा, ऐकू येत नाही. मी मोठ्याने सांगितलं. मामंजींचं नाव, सगळ्या रांगेसमोर. मागच्या एका म्हातारीने जीभ चावली. बाकी काही झालं नाही, बाईने शिक्का मारला. उद्या मेरूचा शाळेचा पहिला दिवस आहे.

आता मला पळता येणार नाही, वहिनी. पळायला जागा नाही आणि पोरीचं नाव पटावर आलं. आपांनी जुमाताय आजोबांना थोडं थांबा म्हणून पाहिलं. ते म्हणाले, नात सापडली आणि आजोबाला सांगितलं नाही, तर मेल्यावर तिच्या पाचव्याला काय तोंड दाखवू? ते जाणारच. आज डोंगराच्या माथ्यावर पांढरं दिसतंय. खाली उतरायला फार तर तीन आठवडे. रोज सकाळी उठून मी आधी तिकडे बघते.

ते येतील तेव्हा त्यांच्यापुढे चहा तुम्हीच ठेवाल. ते बोलतील, सगळे ऐकतील, मग कुआनिश गाडी काढतील की नाही, मामंजी काय म्हणतील, मला माहीत नाही. मामंजी वाईट नाहीत. नात हवी एवढंच त्यांना दिसतं. पण त्या घरात एकच माणूस आहे जिने नाही म्हटलं तर ही गोष्ट थांबेल, आणि तिलाही माझ्यासारखंच कोणी विचारलेलं नाही. म्हणून मी विचारते. वहिनी, तुम्हाला चाललं असतं का?

आणि आणखी एक. हे विचारायला घाबरत होते म्हणून पहिल्या पत्रात वरवर लिहिलं. त्या पहाटे बोचकं काखेत आणि मेरूचा हात धरून मी अंगणात आले, तेव्हा बोरिबासार गवताच्या गंजीमागे बांधलेला होता, तोंडात मोठं हाडूक. त्याला कधी कोणी बांधत नाही. आणि त्याला हात लावू शकणारी घरात दोनच माणसं. कुआनिशनी बांधला असेल, तर त्या पहाटे ते माझ्या दाराशी येणार होते आणि मी थोडक्यात वाचले. मग आजोबांचा ट्रक गावात पोचेल त्या दिवसापासून मी दाराला कपाट लावून झोपेन. पण तुम्ही बांधला असेल, तर मी घाबरणं थांबवून बघेन.

जास्त लिहू नका. कुत्रा कोणी बांधला, एवढंच झिबेकजवळ सांगा. पत्ता खाली लिहिलाय. पहिल्यांदाच लिहितेय, आणि तुम्हालाच. हे पत्र चुलीत घालायचं की कुआनिशच्या हातात द्यायचं, ते तुमच्यावर.

तुमची धाकटी जाऊ, सवत नाही,

बार्शिन

रिस्ती आपांचं घर, बस वळते तिथून डावीकडची तिसरी गल्ली, निळं फाटक. पायरी तुटकी आहे, डावा पाय आधी टाका.